संत आणि सेंट: सख्खे की नुसते शेजारी?

प्रश्न असा आहे: "सेंट इग्नेशियसने येशूसंघ हा पंथ स्थापला, या वाक्यात 'सेंट' ठेवावं की 'संत' करावं? दोन्ही शब्द मुळात एकच ना?"

'संत' करा. पण मूळ एक नाही. (येशूसंघ म्हणजे जेझुइट, हा कॅथलिक धर्मव्रत्यांचा संघ.)

आपला 'संत' संस्कृत 'सत्'मधला. धातू अस्, म्हणजे असणे. 'सत्'चं अनेकवचन 'सन्तः', त्यातून आपलं एकवचनी नाम झालं. जो आहे, खरा आहे, भला आहे तो संत. 'सेंट'चं मूळ लॅटिन 'सांक्तुस', म्हणजे विधिपूर्वक पवित्र ठरवलेला. बँकेत लोन 'सँक्शन' होतं ना, तो शब्द याच घरातला. 'संत'चा खरा युरोपीय भाऊ 'प्रेझेंट'मध्ये दडलाय: लॅटिन 'प्राए' म्हणजे पुढे, आणि त्यापुढचं 'सेन्स, सेन्तिस' हे असणे या अर्थाच्या धातूचंच रूप. म्हणजे सेंट अमुकतमुक शाळेत हजेरीला पोरं "प्रेझेंट टीचर" ओरडतात, तेव्हा आपल्या संताचा भाऊबंद शाळेच्या पाटीवर नसतो, पोरांच्या तोंडात असतो.

गंमत म्हणजे वापरातही हा फरक टिकलाय. तुकोबांना संतपद कुणी सँक्शन केलं नाही, लोकांनीच त्यांना संत म्हटलं. इग्नेशियस १५५६ साली रोममध्ये वारले, १६०९ साली 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) ठरले आणि १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांना संत जाहीर केलं; गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियरही त्याच दिवशी. १५४० साली संघाला पोपची मान्यता मिळाली तेव्हा हे नुसतेच इग्नेशियस होते.

खरं तर नुसते इग्नेशियसही नव्हेत. बाप्तिस्म्याचं नाव इनिगो, स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलखातलं. 'इग्नेशियस' त्यांनी पुढे घेतलं. दोन्ही नावं कानाला जवळची, पण मुळं वेगळी, अगदी संत-सेंटसारखी. 'इग्नेशियस' हे रूप लॅटिन 'इग्निस'च्या, म्हणजे अग्नीच्या, प्रभावाने घडलेलं. इग्निस आणि अग्नी मात्र खरोखरच सख्खे.

आणि हा माणूस 'सांक्तुस'कडे वळला तोही पुस्तकामुळे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला. अंथरुणात वाचायला शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या, घरात त्या नव्हत्या. हाती आलं ख्रिस्तचरित्र आणि 'फ्लोस सांक्तोरुम' हा संतचरित्रांचा संग्रह. यातलं 'सांक्तोरुम' म्हणजे 'संतांचे'.

'पंथ' मात्र बदला. पंथ म्हटलं की आपल्याला वेगळं मत, वेगळी श्रद्धा वाटते. इथे श्रद्धा कॅथलिकच, वेगळी आहे ती व्रतं आणि नियमावली. 'संघ' पुरेसा आहे, तो नावात आलेलाच आहे. आणि 'इग्नेशियसने' नको, 'यांनी' लिहा. ज्ञानेश्वरांना आपण 'ज्ञानेश्वराने' म्हणत नाही. एकूण वाक्य असं: "संत इग्नेशियस लोयोला यांनी येशूसंघ स्थापला."

शाळा-कॉलेजांच्या नावातला 'सेंट' तसाच राहू द्या. सांताक्रूझचं 'संत क्रूझ' तर चुकूनही करू नका. तिथे कुणी संत नाहीच. पोर्तुगीजमध्ये क्रूस स्त्रीलिंगी, म्हणून 'सांता क्रूझ', पवित्र क्रूस.