‘मग तो खरा मित्र नव्हताच’
तुमचा मित्र म्हणतो, ‘खरा मित्र कधी दगा देत नाही.’ तुम्ही दगा दिलेल्या एका मित्राचं उदाहरण दिलंत, तर उत्तर आलं, ‘मग तो खरा मित्र नव्हताच.’ आता तुम्ही विचारताय की यात बरोबर कोण. माझ्या मते त्याने विधान वाचवलं खरं, पण आतून पोकळ करून.

‘विधुराची बायको हयात नसते’ हे वाक्य घ्या. ते पडताळायला कुणाच्या घरी जावं लागत नाही, शब्दकोश पुरतो. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७८१ साली अशा विधानांना विश्लेषक म्हटलं: उद्देश्यात आधीच असतं तेच विधेय उलगडून दाखवतं. ‘विधुरांना झोप कमी लागते’ हे मात्र संश्लेषक. खरं-खोटं ठरवायचं तर विधुरांकडेच जावं लागेल. (‘पाऊस पडतोय किंवा पडत नाहीये’ ही आणखी वेगळी जात. पावसाच्या जागी काहीही घाला, ते खरंच राहतं. सगळं काम ‘किंवा’ आणि ‘नाही’ करतात. ही जात आणि विश्लेषक विधानं यांची गल्लत फार होते.)

आता एक गंमत. १९८३ पूर्वी प्रकाशाचा वेग मोजायची गोष्ट होती, आकड्यासोबत मोजणीतली संभाव्य त्रुटीही लिहावी लागे. त्या वर्षी मीटरची व्याख्याच बदलली: प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढं अंतर कापतो, तो एक मीटर. तेव्हापासून ‘प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर’ हे व्याख्येनेच सत्य आहे. उद्या कितीही अचूक उपकरण आणा, हा आकडा हलणार नाही. सुधारेल ती तुमच्या मीटरपट्टीची लांबी. प्रकाश होता तसाच आहे, एक वाक्य तेवढं प्रयोगशाळेतून शब्दकोशात गेलं. अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइनने १९५१ मध्ये विश्लेषक आणि संश्लेषक विधानांमधल्या सीमारेषेवरच शंका घेतली होती. असं वाक्य पाहिलं की ती शंका अगदीच हवेतली वाटत नाही.

तुमच्या मित्रानेही वाक्य असंच हलवलं, फक्त वाद चालू असताना आणि न सांगता. मीटरच्या बाबतीत हे किमान जाहीर करून झालं. पुढच्या वेळी त्याला एवढंच विचारा: दगा न देणं सोडून खऱ्या मित्राची दुसरी खूण कोणती? ‘अडचणीत धावून येतो’ असं काही म्हणाला, तर तुमचं उदाहरण त्या खुणेला लावून बघा. बसलं तर त्याचं विधान पडलं. दुसरी खूणच सांगता आली नाही, तर तो इतका वेळ ‘दगा न देणारा दगा देत नाही’ एवढंच म्हणत होता.