अमूर्त चित्रकाराला स्वतःच्या चित्राचा अर्थ खरंच ठाऊक असतो का?

ठाऊक असतो. फक्त तो एका वाक्यात काढून हातावर ठेवता येत नाही, आणि सगळा घोळ तिथंच होतो.

तुम्ही लिहिलंय की मुलगी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, पूर्वी हुबेहूब व्यक्तिचित्रं काढायची, आता मोठाल्या कॅनव्हासवर नुसते करडे-तपकिरी थर चढवते, म्हणजे ओळखीचा आकार नसलेली, अमूर्त चित्रं करते. अर्थ विचारला की "तसा काही नसतो, पप्पा" म्हणते, विषय संपवते आणि खोलीत निघून जाते. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की ही मंडळी आधी रंग फासतात आणि अर्थ मागाहून चिकटवतात, असंच ना? ते वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. मी स्वतः अमूर्त चित्रं करते, आणि जवळजवळ याच शब्दांत ते मी माझ्या मामांकडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

मामा कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मला हात त्यांनीच दिला. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वेळी त्यांनी माझ्याकडून स्थिरचित्रं इतकी घोटून घेतली की तांब्याच्या काठाचा लंबगोल आजही न बघता काढता येतो. रविवारी पहाटे पंचगंगेच्या घाटावर न्यायचे. ओला कागद, जलरंग, दीपमाळांची पाण्यातली प्रतिबिंबं. "रंग एकदा सोडला की त्याला परत हात लावायचा नाही," हा त्यांचा कायदा. आबालाल रहिमान हे त्यांचं दैवत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत आलेला, शाहू महाराजांनी आश्रय दिलेला, या परिसराची निसर्गचित्रं करत इथंच राहिलेला माणूस. या परंपरेत वाढल्याचा मला अभिमान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

कॉलेजच्या शेवटी शेवटी माझ्या चित्रांतून आधी चेहरे गेले, मग माणसं गेली, मग घाटही गेला. मामा एकदा घरी आले, कॅनव्हाससमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "काय गं, ह्यात चित्र कुठं आहे?" मी गप्प. मग म्हणाले, "हात असताना हे कशाला? ज्याला काढता येत नाही त्यानं असलं करावं."

अमूर्त चित्रकलेबद्दल बोललं जाणारं हे सगळ्यात खोटं वाक्य आहे, आणि आपल्याकडे ते सुशिक्षित माणसंही बिनदिक्कत बोलतात. शंकर पळशीकर व्यक्तिचित्रणातले उस्ताद होते, जे. जे.चे अधिष्ठाता होते, आणि तरी अमूर्ताकडे गेले. त्यांच्याच हाताखाली शिकलेले प्रभाकर कोलते अमूर्तातच राहिले आणि जे. जे.त वर्षानुवर्षं शिकवत राहिले. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे. जे.मधून पदविका घेऊन बाहेर पडले, सुरुवातीला माणसांच्या आकृती काढत होते आणि उत्तम काढत होते. डच चित्रकार मोन्द्रियानची १९०८ ते १९१२ या काळातली झाडं एकापाठोपाठ एक बघा. आधी खोड, फांद्या, आभाळ असं सगळं आहे. मग फांद्या कमानी होतात, मग कमानी नुसत्या रेषा होतात. झाड काढता येत नव्हतं म्हणून हे झालं, असं ती चित्रं बघून कुणीही म्हणणार नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात गायतोंड्यांचं १९७९ सालचं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. मामांनी बातमी वाचली आणि फोन केला. गायतोंडे मोठा माणूस आहे, असं त्या दिवसापासून ते म्हणायला लागले. मला त्याचा आनंद झाला नाही. किंमत हा पुरावा नाही. ज्या वर्षी ते चित्र रंगवलं गेलं त्या वर्षीही ते तेवढंच चांगलं होतं.

आता माझ्या चित्राबद्दल. चार फूट बाय पाच फूट, तैलरंग. खालचे दोन तृतीयांश तपकिरी, वरचा भाग राखेच्या रंगाचा, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक रेघ. ती ओढलेली नाही, खरवडून निघालेली आहे. सगळ्यात खाली टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला प्रशियन ब्लू होता. हा रंग भयंकर चिवट, वर काहीही चढवा, कुठून तरी डोकं काढतोच. त्यावर रॉ अंबर हा तपकिरी, त्यावर यलो ऑकर हा मातकट पिवळा, परत अंबर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तैलरंग वाळायला किती वेळ घेतो हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. अंबर त्यातल्या त्यात लवकर वाळतो, त्यात मँगनीज असतं. आयव्हरी ब्लॅक मात्र कितीतरी दिवस बोटाला चिकटत राहतो. खालचा थर कच्चा असताना वर लवकर वाळणारा थर चढवला की पुढं भेगा पडणार. म्हणून थांबायचं. आमच्या कामातला बहुतेक वेळ थांबण्यात आणि बघण्यात जातो. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. रोलर, पॅलेट नाइफ, कागदाचे कपटे लावून रंग उचलायचा, परत लावायचा. तो वेळ बघण्याचा होता, ज्यांना तो आळस वाटतो त्यांनी एकदा करून बघावं.

ती रेघ उजव्या कडेपर्यंत गेली होती. आणि कडेला टेकली की लगेच क्षितिज व्हायची. खाली जमीन, वर आभाळ, झालं निसर्गचित्र. मला ते नको होतं. मी ती कडेच्या वीतभर अलीकडे थांबवली. त्यासाठी उजवीकडचा पुरता वाळलेला थर खरवडून काढावा लागला, आणि खरवडताना खालचा निळा वर आला. तो ठेवायचा की झाकायचा, यावर मी आठवडेच्या आठवडे घालवले. ठेवला. चित्र २०१८ मध्ये पुरं झालं, मागं तारीख घातली, नाव दिलं नाही.

मग ऑगस्ट २०१९ आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी, सगळीकडे पाणी. शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद. पाणी उतरल्यावर घराघरांच्या भिंतींवर जी रेघ राहिली ती ज्यांनी घासून काढलीय त्यांना मी वेगळं काय सांगू.

नंतरच्या हिवाळ्यात दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात माझं प्रदर्शन होतं. हे चित्र त्यात होतं. माणसं त्याच्यासमोर थांबायला लागली. एक बाई पिशवी खाली ठेवून कितीतरी वेळ उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, "आमच्या माजघरात अगदी एवढ्यावर होतं." आणि स्वतःच्या खांद्याजवळ हात नेऊन दाखवलं. मामा रोज यायचे. आल्यागेल्याला माझ्या चित्राकडे नेऊन म्हणायचे, "हे पुराचं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझं चित्र कुणाला तरी दाखवत होते. मला काय वाटलं असेल, तुम्ही समजू शकता. तरीही मी त्यांना बाजूला घेऊन मागची तारीख दाखवली.

ते म्हणाले, "मग अर्थ नाहीच की गं. योगायोग आहे."

त्याच आठवड्यात एका कंपनीच्या कचेरीसाठी ते चित्र मागितलं गेलं. अट एकच, खाली "महापूर २०१९" अशी पट्टी लावायची आणि सोबत चार ओळी लिहून द्यायच्या. मी नाही म्हणाले. चित्र अजून माझ्याकडे आहे. नाव दिलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मामा अजून विचारतात.

बिघडलं असतं. कारण त्या प्रदर्शनात ते चित्र फक्त पूर नव्हतं. एका निवृत्त शिक्षकांना त्यात वडील गेल्यानंतरची खोली दिसली. एका मुलाला सारवलेली भिंत दिसली. गडहिंग्लजकडच्या एका शेतकऱ्याला पावसाच्या आधी नांगरून ठेवलेलं रान दिसलं. पण लक्षात घ्या, कुणालाही त्यात वरात दिसली नाही. जत्रा दिसली नाही, बाजार दिसला नाही. सगळ्यांना जे दिसलं त्यात काहीतरी येऊन राहिलं होतं आणि मग निघून गेलं होतं, किंवा अजून यायचं होतं. मी कॅनव्हासवर तेवढंच केलं होतं. थर ठेवले, थर काढले, आणि काढल्यावर जे उरलं ते झाकलं नाही. पुरानं भिंतींवर तेच केलं. म्हणून त्या बाईंना त्यांचं माजघर दिसलं. याला योगायोग म्हणत नाहीत, मामा. आणि मी पूर रंगवला असंही म्हणत नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाला हे माझं उत्तर: रंगवताना मला "राहणं" आणि "ओसरणं" हे शब्द ठाऊक नव्हते. रेघ वीतभर आधी थांबली पाहिजे, हे मात्र पक्कं ठाऊक होतं, इतकं की त्यासाठी वाळलेलं चित्र मोडायची माझी तयारी होती. चित्रकाराला ठाऊक असलेला अर्थ तो हा. शब्द मागाहून येतात हे खरं आहे. पण चिकटवलेले शब्द आणि चित्र बघून सापडलेले शब्द यांत फरक असतो, आणि चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की तो ओळखू येतो.

याच कारणानं मला आमच्यातल्याच काही चित्रकारांचा राग येतो, जे "ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावावा" म्हणून हात झटकतात. हे औदार्य दिसतं, पण ही कामचुकारपणाची भाषा आहे. कुठलाही अर्थ चालत असेल तर मी वीतभर रेघेसाठी थर का खरवडला? आणि दुसऱ्या टोकाला ते कॅटलॉग, ज्यात प्रत्येक चित्र "अस्तित्वाच्या शोधाचा प्रवास" असतं. मामांचा संशय अशा लिखाणामुळे वाढला, यात त्यांची काही चूक नाही.

मामांच्या गावाकडच्या घरी कुलदैवत आहे, शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे नुसता पाषाण. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. ते त्याच्यासमोर रोज हात जोडतात आणि ह्यात देवी कुठं आहे, असं त्यांनी जन्मात विचारलं नाही. श्रद्धेची गोष्ट वेगळी, हे मला मान्य आहे. पण आकाराशिवाय काही पोचतच नाही, हा दावा निदान त्या घरात तरी कुणी करू नये.

थोडं राहिलंय. सगळेच अमूर्त चित्रकार माझ्यासारखे काम करत नाहीत. सय्यद हैदर रझांच्या चित्रांतल्या बिंदूमागं विचार आधीपासून होता आणि ते चित्रांना नावं देत. प्रभाकर बरव्यांच्या चित्रांत तर पान, घड्याळ अशा ओळखीच्या वस्तू असतात आणि तरी चित्र त्या वस्तूंबद्दल नसतं. नुसती सजावट म्हणून केलेली, कोचाच्या रंगाला जुळवलेली अमूर्त चित्रंही ढिगानं निघतात, त्यांना खरोखरच काही अर्थ नसतो. तुमची मुलगी यांत कुठं बसते हे मी तिचं काम न बघता सांगू शकत नाही. नुसती वाट चुकलीय असंही असू शकेल. त्या वयात तेही चालतं.

तिला अर्थ विचारू नका. चित्राच्या एका जागेवर बोट ठेवा आणि विचारा, "हे इथं का थांबवलंस?" किंवा, "हा थर काढलास का? खाली काय होतं?" तिच्याकडे उत्तर असेल तर ती अर्धा तास बोलेल, खोलीत जाणार नाही. उत्तर नसेल तर तिलाही ते त्या क्षणी कळेल, आणि ते तिच्या ज्युरीआधी, म्हणजे कॉलेजात परीक्षक काम बघतात त्याआधी, कळलेलं बरं. ज्युरीसाठी तिला कुणाकडून भारदस्त टिपण लिहून आणून देऊ नका. लिहायचंच असेल तर तिनं काय केलं ते लिहावं: कुठले रंग, कुठल्या क्रमानं, काय झाकलं, काय खरवडलं आणि का.

आणि जुनी व्यक्तिचित्रं तिला दाखवून "बघ, केवढा हात होता तुझा" असं म्हणू नका. हात अजून आहे. माझाही आहे. मामांचं पेन्सिलीतलं व्यक्तिचित्र मी गेल्या दिवाळीत करून दिलं, ते त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलंय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की भाचीला येतं सगळं, करत नाही एवढंच. करते, मामा. रोज करते.