सौर वाऱ्यातली उष्णता: वहन की अभिसरण?

नागपुरातल्या एका विज्ञान शिक्षिकांनी विचारलंय: 'सौर वाऱ्यात इलेक्ट्रॉन उष्णता नेतात' याला मराठीत अभिसरण म्हणायचं का? वारा म्हटल्यावर वहन कसं चालेल?

वहनच म्हणा. सौर वारा म्हणजे सूर्यापासून सतत बाहेर वाहणारा विद्युतभारित कणांचा, मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा, प्रवाह; अशा कणांच्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. घोळ 'वारा' शब्दाने होतो, आणि नागपूरकरांचा तर हमखास होणार. नवतपात तोंडावर येणाऱ्या झळांमधली उष्णता हवेबरोबरच आलेली असते. सौर वाऱ्यातही प्रवाहासोबत उष्णता जाते, पण ते अभिसरण नव्हे. अभिसरणात तापलेला पदार्थ वर चढतो, निवतो, खाली येतो. सेकंदाला ३०० ते ८०० किमी वेगाने निघालेला सौर वारा सूर्याकडे परत फिरकतच नाही.

इलेक्ट्रॉनांचा कारभार निराळा. प्रोटॉनपेक्षा सुमारे १८३६ पट हलके, त्यामुळे भलतेच चपळ. पृथ्वीजवळ वारा सेकंदाला ४०० किमीने वाहत असेल तेव्हा त्यातले सर्वसाधारण इलेक्ट्रॉन २००० किमीच्या आसपास वेगाने सैरावैरा धावत असतात. शिवाय सूर्याच्या किरीटातून (कोरोना, म्हणजे सूर्याचं सर्वांत बाहेरचं वातावरण) सुटलेले काही जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषा धरून थेट बाहेर निघतात, सेकंदाला १०,००० किमी किंवा त्याहून जोरात. वाऱ्याला इथवर यायला चारेक दिवस लागतात, हे काही तासांत हजर! बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा यांच्याकडे असतो.

आता एक आक्षेप रास्त आहे. शाळेतल्या व्याख्येत वहन म्हणजे कणाने शेजारच्या कणाला उष्णता देणं. इथे शेजारी आहेच कुठे? पृथ्वीजवळ घन सेंटिमीटरमध्ये पाच-दहा प्रोटॉन आणि साधारण तेवढेच इलेक्ट्रॉन. टक्कर व्हायची तर कोट्यवधी किलोमीटर जावं लागतं. म्हणूनच स्पिट्झर आणि हार्म या शास्त्रज्ञांचं १९५३ चं उष्णतावहनाचं सूत्र, जे वारंवारच्या टकरी गृहीत धरतं, इथे तोकडं पडतं. इलेक्ट्रॉन आपला वाटा स्वतःच घेऊन पळतो. 'वहन' शब्दाचा मूळ अर्थही तोच, तेव्हा शब्द ठेवा आणि 'कणाकडून कणाकडे' एवढं गाळा.

जाता जाता: बलरेषांवरून धावणाऱ्या त्या इलेक्ट्रॉनांना शास्त्रज्ञ 'श्ट्राल' म्हणतात, हा जर्मन शब्द. मराठीत सरळ 'झोत' लिहावं. प्लाझ्मातल्या लहरींमुळे झोतातले काही विखुरतात आणि सगळ्या दिशांना पसरलेल्या 'हेलो' गटात जमा होतात. त्याला काही जण तेजोवलय म्हणतील, पण ते मला देवाच्या फोटोमागचं वाटतं. चंद्राला पडतं ते खळं काय वाईट आहे?