मुंबईतलं सेंट झेवियर्स हायस्कूल ब्रिटिशांनी काढलं होतं का?

नाही. राज्य इंग्रजांचं होतं, पण शाळा काढली जर्मन जेझुइट (कॅथलिक धर्मातला एक संघ) पाद्र्यांनी, 1869 मध्ये. त्याच नावाचं कॉलेजही त्याच साली सुरू झालं, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात.

खरी गंमत पुढे आहे. 1914 ला महायुद्ध पेटलं आणि हेच जर्मन फादर सरकारच्या लेखी एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना नजरकैदेत ठेवलं, बहुतेकांना मायदेशी धाडलं. वर्षानुवर्षं इथल्या पोरांना शिकवलेली माणसं! युद्धानंतर मुंबईतल्या मिशनचा कारभार स्पॅनिश जेझुइटांकडे गेला. ज्यांचं नाव शाळेला दिलंय ते फ्रान्सिस झेवियरही मूळचे आजच्या स्पेनमधल्या नवाराचे. त्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे, हे गोव्याला जाऊन आलेल्यांना सांगायला नकोच.

शाळा धोबी तलावला, मेट्रो सिनेमाजवळ. सुनील गावसकर इथलेच विद्यार्थी. तिकडे गेलात तर मेट्रोसमोरच्या कयानी या जुन्या इराणी कॅफेत मावा केक खाऊन या, तो इतिहासही काही कमी नाही; 1904 पासून चालू आहे.