मेंढरांमागे कुत्र्याचं पिल्लू ठेवताय? आधी एवढं करा

दादा, माणदेशात कळपासाठी पिल्लू घेताय, छान. रंगावर जाऊ नका, आई बघा. ती मेंढरांत शांत असेल तर निम्मं काम झालं. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका, ही घाई फार जण करतात.

खेळता खेळता कोकरामागे धावलं तर तिथल्या तिथे थांबवा. हसून सोडलंत की खोड लागली.

– सहा ते आठ आठवड्यांचं असताना पार्वो-डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांवरची पहिली लस, पुढे बूस्टर म्हणजे तीच लस पुन्हा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची.
– जंताचं औषध चुकवू नका.
– नुसती दूध-भाकरी पुरत नाही, उकडलेलं अंडं द्या.

मेलेल्या मेंढीचं डोकं कच्चं कधीच घालू नका. त्यातून कुत्र्याला पट्टकृमी (आतड्यातले चपटे जंत) होतात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि मेंढरांच्या मेंदूत गाठी होऊन ती गोल फिरायला लागतात.

हाकेवर कळप वळवणं सहा महिन्यांनी बघू.