राजीनामा मागे घ्यायला कोर्टाची तारीख लागत नाही

डोंबिवलीचे एक वाचक एका खासगी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहेत. कंपनीने वैमानिक युनियनच्या दोन पदाधिकाऱ्यांना काढलं, त्याच्या निषेधार्थ बऱ्याच जणांनी राजीनामे दिले. यांनीही 3 फेब्रुवारीला दिला. युनियनची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आहे. गेल्या आठवड्यात हे रजा टाकून सुनावणी ऐकायला गेले. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत प्रकरण 47वं होतं, पुकारा झालाच नाही, पुढची तारीख 11 ऑगस्ट पडली. सहा महिन्यांची नोटीस मात्र 2 ऑगस्टला संपते. आता यांना राजीनामा मागे घ्यायचा आहे, पण युनियनचं म्हणणं, निकाल येऊ द्या, सगळ्यांचे एकदम मागे घेऊ. तर थांबावं का, आणि 11 तारखेला पुन्हा कोर्टात जाऊन बसण्याचा काही उपयोग आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

थांबू नका. हा अंक हातात पडेल त्याच दिवशी राजीनामा लेखी मागे घ्या.

तुमच्या पत्रात सुनावणीवर अडीच पानं आहेत आणि राजीनाम्यावर दोन ओळी. पहिल्या तारखेला कोणता वकील किती वेळ उभा होता, न्यायाधीश काय म्हणाले, सगळं बारकाईने लिहिलंत. पण राजीनाम्यात नेमके काय शब्द आहेत ते तुम्हाला सांगता येत नाही, कारण युनियनने दिलेल्या नमुन्यावर सही केलीत आणि प्रत स्वतःकडे ठेवली नाहीत. याचा मला खरोखर राग आला. दहा-बारा वर्षांची मेहनत आणि प्रशिक्षणाचं कर्ज ज्या कागदावर पणाला लावलंत, त्याची झेरॉक्ससुद्धा तुमच्याकडे नाही! बँकेतले, आयटीतले, हॉस्पिटलमधले लोकही मला हेच विचारतात आणि त्यांच्याही हातात बहुतेक वेळा प्रत नसते. ईमेलने पाठवला असेल तर सेंटमध्ये असेल. आज रात्रीच स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवून ठेवा. कंपनीचं खातं नोटीस संपताच बंद होतं.

त्या कागदात एकच गोष्ट पाहायची आहे. राजीनामा 'तात्काळ' दिलाय, की 'नोटिशीची मुदत संपल्यावर' अमलात येईल असा? दुसरं असेल तर मुदत संपेपर्यंत तो मागे घेता येतो. हे तत्त्व जुनं आणि पक्कं आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश होते, सतीश चंद्र. त्यांनी 7 मे 1977 रोजी राष्ट्रपतींना पत्र लिहून 1 ऑगस्टपासून राजीनामा दिला आणि 15 जुलैला दुसरं पत्र लिहून तो मागे घेतला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1978 मध्ये निर्णय आला की पुढच्या तारखेपासूनचा राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो.

तुमच्याच व्यवसायातलं उदाहरण याहून जवळचं आहे. पगार वेळेवर होत नाहीत म्हणून एअर इंडियाच्या काही वैमानिकांनी राजीनामे दिले आणि सहा महिन्यांची नोटीस चालू असतानाच ते मागे घेतले. कंपनीने तरीही ऑगस्ट 2020 मध्ये त्यांची सेवा संपवली. 1 जून 2021 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीचा निर्णय रद्द केला आणि त्यांना मागच्या पगारासह कामावर घ्यायला सांगितलं. मागे घेतल्याची पत्रं मुदतीच्या आत गेली होती, सगळं त्यावर टिकलं.

आता तुम्ही ज्यावर विसंबून आहात त्याकडे येतो. पहिल्या तारखेला कंपनीचे वकील 'तूर्त कोणतीही कारवाई करणार नाही' असं म्हणाले आणि न्यायाधीशांनी मान डोलावली, असं तुम्ही लिहिता. ते वाक्य आदेशात उतरलं आहे का? उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून आदेश काढून वाचा. आदेशात नसेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. आणि असलं तरी तुमचं काम त्याने होत नाही. स्थगिती कंपनीचा हात धरते. तुमच्या बाबतीत कंपनीला काही करायचंच नाही, 2 ऑगस्ट उलटला की तुमच्याच सहीने नोकरी संपते. शिवाय याचिका युनियनची, तीही पदाधिकाऱ्यांच्या बडतर्फीबद्दल. तिच्या प्रेयर क्लॉजमध्ये, म्हणजे कोर्टाकडे केलेल्या मागण्यांत, तुमच्या राजीनाम्याचा उल्लेख असेल असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही.

दुसरा धोका तुमच्या लक्षातच आलेला दिसत नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे 2017 पासून कमांडरला (मुख्य वैमानिकाला) एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्याच नियमात असंही आहे की कंपनीने राजीनामा आधी स्वीकारून एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) दिली, तर मुदत कमी होऊ शकते. म्हणजे 2 ऑगस्ट ही तुमची शेवटची तारीख असेलच असं नाही. उद्या एनओसी हातात पडली, तर तिथून पुढे वाद कठीण होतो. त्यात 2 ऑगस्ट रविवार आहे. शुक्रवारी संध्याकाळी एचआरची माणसं घरी गेली की इनवर्ड शिक्का मारायला कोणी नसतं.

पत्र चार ओळींचं पुरे. 3 फेब्रुवारीचा राजीनामा मी विनाअट मागे घेत आहे आणि नेहमीप्रमाणे ड्युटीसाठी उपलब्ध आहे, एवढंच. 'युनियनची मागणी मान्य झाल्यास' असली अट घालू नका, आणि 'आम्ही सर्वांनी मिळून राजीनामे दिले होते' असंही लिहू नका. वैमानिकांनी संगनमताने केलेली अशी कृती डीजीसीएच्या त्या नियमाला सार्वजनिक हिताविरुद्ध वाटते, ते वाक्य तुमच्यावरच उलटेल. राजीनामा ज्याच्या नावे गेला त्यालाच ईमेल करा, तेच स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, एक प्रत हातोहात देऊन दुसरीवर शिक्का घ्या. त्यानंतर रोस्टर लागेल तशी ड्युटी करा. रोस्टर बंद झालं तर त्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

कंपनीने तरीही मानलं नाही तर काय, यावर मी हात राखून बोलेन. एअर इंडियाचे ते वैमानिक कोर्टात गेले तेव्हा कंपनी सरकारी होती, म्हणून थेट उच्च न्यायालयात दाद मागता आली. खासगी कंपनीविरुद्ध तो रस्ता सहसा बंद असतो. खासगीकरणानंतरच्या एअर इंडियाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये तेच सांगितलं. मग उरतो कामगार कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात पर्यवेक्षक असून पगार 18,000 रुपयांच्या वर असेल तर 'कामगार' धरत नाहीत. फर्स्ट ऑफिसर पर्यवेक्षण कोणाचं करतो? जुन्या कायद्याखाली वैमानिकाला कामगार मानलेले निर्णय आहेत, पण नव्या संहितेखाली कंपनी हा मुद्दा काढणारच. कामगार ठरला नाहीत तर नुकसानभरपाईवर समाधान मानावं लागेल, नोकरी परत मिळणं अवघड. तुमचा करार पाहिल्याशिवाय याहून पुढे मी जाणार नाही. राजीनाम्यात 'तात्काळ' शब्द निघाला आणि कंपनीने तो आधीच स्वीकारला असेल, तर मात्र पत्र पाठवून लगेच मला कागद दाखवा.

राहिली 11 ऑगस्ट. न्यायालय खुलं असतं, ओळखपत्र दाखवून कोणालाही मागच्या बाकावर बसता येतं. मोबाइल बंद ठेवा, रेकॉर्डिंग चुकूनही करू नका. बडतर्फ झालेल्या त्या दोघांना पाठीमागे आपली माणसं बसलेली दिसली की बळ येतं, हे मी त्या व्हरांड्यांत पुष्कळदा पाहिलं आहे, त्यासाठी जरूर जा. एका माणसाची रोजीरोटी 47व्या नंबरावर दिवसभर ताटकळते आणि पावणेपाचला शिरस्तेदार चार आठवड्यांनंतरची तारीख सांगतात, याची चीड मलाही येते. पण ही रांग तुमच्यासाठी पुढे सरकणार नाही. रीतसर रजा मंजूर करून घ्या, आजारी असल्याचं कळवून जाऊ नका. कंपनीचा माणूसही त्याच दालनात बसलेला असतो.

युनियनच्या सरचिटणीसांना आज संध्याकाळी फोन करा आणि पत्र पाठवल्याचं स्वतः सांगा. बाकीच्यांनीही 2 तारखेच्या आत आपापलं पत्र वेगवेगळं पाठवावं, हेही माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.