‘आई, मला घरी यायचंय’ असं मूल परदेशातून म्हणतं तेव्हा

परदेशी गेलेलं मूल फोनवर रडलं की आईवडिलांना दोनच वाटा दिसतात. लगेच परत बोलवायचं, नाहीतर ‘जरा धीर धर’ म्हणून फोन ठेवायचा. मुलं जर्मनीला, कॅनडाला शिकायला गेलेले पुण्या-नाशिकचे पालक सल्ल्यासाठी मला ऑनलाइन भेटतात, ते हेच विचारतात. मी राहते त्या अमेरिकेतल्या युटा राज्यातले मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे, पालकही हेच विचारतात. त्यांच्यातल्या एका आईबद्दल आज लिहिते आहे. तिला रेचल म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेचलचा मुलगा एकोणीस वर्षांचा. मॉर्मन घरांत मुलाने अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षं धर्मप्रचाराच्या मिशनवर जावं अशी अपेक्षा असते. मुली दीड वर्षासाठी जातात, पण त्यांच्यावर तेवढा दबाव नसतो. कुठे जायचं हे चर्च ठरवतं. खर्च मात्र मुलाने आणि घरच्यांनी उचलायचा. अमेरिकेतल्या मुलांसाठी २०२० पासून तो महिना ५०० डॉलर आहे. याच्या वाट्याला ईशान्य ब्राझील आलं. काही आठवडे पोर्तुगीज शिकवली आणि थेट रस्त्यावर उतरवलं.

सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, धर्मग्रंथांचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. मग पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावून दिवसभर उन्हात हिंडायचं आणि रात्री साडेदहाला दिवा बंद. जोडीदाराला सोडून कुठे जायचं नाही, आणि तो जोडीदारही चर्चनेच नेमलेला. याचा पहिला जोडीदार ब्राझीलचाच, इंग्रजी जेमतेम. म्हणजे चोवीस तास सोबत, पण मनातलं बोलायला कुणी नाही. हे एकटेपण फार कठीण असतं, कारण ते बाहेरून कुणाला दिसतच नाही.

सोमवार सुट्टीचा. कपडे धुणं, आठवड्याचा बाजार, घरी फोन. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत मिशनवरच्या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो. रेचलचा थोरला त्या जुन्या काळात जाऊन आलेला. ती म्हणाली, “त्याचं आम्हाला काही कळायचंच नाही. तेच बरं होतं का हो?”

मी म्हटलं, अजिबात नाही. पण फोनवर तुम्ही काय विचारता, ते मला सांगा.

तिचे प्रश्न ठरलेले होते. खूश आहेस ना? जेवतोस ना? अजून घरी यावंसं वाटतंय का? यातला शेवटचा प्रश्न आला की तो रडायचा आणि फोन त्यातच संपायचा. उरलेले सहा दिवस कसे जातात, हे तिला माहीतच नव्हतं. मी तिला सांगितलं, पुढच्या सोमवारी फक्त गुरुवारबद्दल विचारा. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय झालं, एवढंच.

गुरुवारात बरंच काही निघालं. तिथे घरांना कुंपण आणि फाटक असतं. लोक दार ठोठावत नाहीत, फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवतात. याचे हातच उचलायचे नाहीत. जोडीदार टाळ्या वाजवायचा आणि हा शेजारी खाली मान घालून उभा. आतून ‘आत्ता नको’ आलं की याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण दुपारी? तिथे चर्चमधली कुटुंबं आळीपाळीने या मुलांना जेवायला बोलावतात. त्या दिवशी त्याने भात आणि घेवड्याची उसळ दोनदा मागून घेतली होती. त्याचे उच्चार ऐकून त्या घरची पोरं हसली, तसा तोही हसला. रात्री झोप लागते. रडू येतं ते रविवारी रात्री आणि सोमवारी.

माझ्या दृष्टीने हे फार मोलाचं होतं. घरची ओढ रिकाम्या वेळी उसळते आणि हाताला काम लागलं की ओसरते. नैराश्य अशी वेळ पाळत नाही. ते जेवणाच्या ताटावरही येऊन बसतं.

तरीही रेचलने त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगावी असा माझा आग्रह होता: “तुला कधीही परत यावंसं वाटलं तर ये. इथे कुणालाही उत्तर द्यावं लागणार नाही.” हे ऐकून ती बराच वेळ रडली. इथे मूल मिशनवर निघालं की अख्ख्या वस्तीला माहीत असतं, आणि मुदतीआधी परतलं की तेही सगळ्यांना कळतं. मुलाच्या रडण्याइतकीच तिला त्या नजरांची धास्ती होती. परतीची वाट बंद आहे असं वाटणारं पोर तिथे राहत नसतं, अडकलेलं असतं. म्हणून हे वाक्य आधी, मग बाकीचं.

बाकीचं सोपं होतं. दिवसातल्या एका फाटकावर टाळ्या त्याने वाजवायच्या, उरलेल्यांवर जोडीदाराने. जोडीदाराने हे आनंदाने मान्य केलं. पुढे एकाची चार फाटकं झाली. तो राहिला. अजूनही काही सोमवारी रडतो, आणि रेचल आता त्याने घाबरून जात नाही.

दुसरी एक मुलगी मात्र परत आली, आणि तेच योग्य होतं. तिची झोप उडाली होती, ताटातलं अन्न तसंच राहायचं, गप्पांत ती असूनही नसायची, आणि एकदा ‘सकाळी जाग आलीच नाही तर बरं’ असं बोलून गेली. तिच्या आईने त्याच दिवशी तिथल्या मिशन प्रमुखांना फोन लावला. घरी उपचार झाले आणि नंतर घरी राहूनच ती चर्चच्या, गरजूंना धान्य देणाऱ्या कोठारात सेवा करू लागली.

तेव्हा असं काही कानावर आलं तर पुढच्या फोनची वाट पाहू नका. मूल शिकायला गेलं असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राला कळवा. जर्मनीत श्टुडिअरेंडेनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेकडेही ही सोय असते. मरणाची भाषा असेल तर आधी त्याच्या खोलीत कुणालातरी पाठवा, रूममेट, शेजारी, घरमालक, जो जवळ असेल तो. तो माणूस पोचेपर्यंत तुम्ही फोनवर मुलाशी बोलत राहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, तिथल्याच कुणाकडून आपत्कालीन सेवेला फोन करवून घ्यायला सांगा. त्या देशाचा तो नंबर आजच लिहून ठेवा. जर्मनीत ११२, अमेरिका-कॅनडात ९११. भारतातून हे नंबर फिरवले तर तिथे लागत नाहीत, तिथल्याच माणसाने लावावे लागतात.